कप तिचा, बशी माझी

४ जुलै
लहानपणी धाकटी बहीण आणि मी एक कप दूध वाटून घ्यायचो. कप तिचा, बशी माझी. फुंकर मारताना माझ्या नाकाला साय लागायची आणि ती खिदळत सुटायची. आज या कपबश्यांच्या कारखान्यात मुलींच्या वसतिगृहाची बाई म्हणून रुजू झाले आणि आधी तेच आठवलं. खोली छान, भरपूर उन्हाची. खिडकीखाली झिलईची शेड. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी पातळ पांढऱ्या झिलईत कप बुडवतात, कोपरापर्यंत पांढऱ्या होतात. त्यांतली चिमणी मला म्हणाली की बाई, आम्हाला पावडरचा खर्चच नाही, मालक फुकट लावतात. सगळ्या हसल्या. धाकटीही तेव्हा याच शेडमध्ये अशीच हसत असेल.

९ जुलै
त्या झिलईत शिसं असतं. वडील गेल्यावर धाकटी इथे लागली आणि मला मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत ठेवलं. अठराव्या वर्षी तिची मनगटं लुळी पडली, हिरड्यांवर निळी रेघ उमटली, पोटात कळा येऊन ती गेली. मालक तेव्हा तरुण होते. पोरगी नाटकी आहे, म्हणाले होते. तिने इथून आणलेला एक कप माझ्या ट्रंकेत आहे.
आज चिमणीच्या हातून कंगवा पडला. तोंड उघडायला लावलं. निळी रेघ.
मालकांना सांगितलं, हिला डॉक्टरला दाखवा. ते हसले. हल्लीच्या पोरी फार नाजूक, म्हणाले.

१५ जुलै
मालकांचं सकाळचं सरबत करायचं काम मी मागून घेतलं. धाकटीच्या कपातून देते, भरपूर लिंबू पिळून. आंबटाने झिलईतलं शिसं सुटतं, चवीला गोड लागतं. साखरेशिवाय एवढं गोड कसं, विचारत होते. शाळेतली क्षमेची प्रार्थना ओठांवर आली. गिळून टाकली.

२ ऑगस्ट
कप धुऊन पालथा घालते, दाराला कडी लावते. सकाळी तो आतून ओला असतो, ताज्या झिलईने पांढरा. कपाच्या कानावर बारीक बोटांचे ठसे. आज शेजारी बशी होती. मी बशी आणलीच नव्हती. तीत कोमट दूध, वर साय.
प्यायले. गोड होतं.

२० ऑगस्ट
मालकांना सही करता येत नाही, मनगट लोंबतं. नाटकं असतील, मी म्हणाले. चिमणीला त्यांच्या मुलाने घरी पाठवलं — तिच्या जागी तिच्या धाकट्या बहिणीला घेणार आहे.

२६ ऑगस्ट
धाकटे, पुरे, असं मोठ्याने म्हटलं. दूध ओतून दिलं. बशी पुन्हा भरली. माझ्या नाकाला साय — खिदळणं, अगदी कानाशी —

३० ऑगस्ट
मालक गेले. पेन बोटांत राहत नाही — डाव्या हाताने —
शाल चिमणीला. पुस्तकं तिच्या बहिणीला, तिला शाळेत घाला, शेडमध्ये नको — कप मालकांच्या मुलाला. लिंबू जास्त पिळा.
बशी कुणाला देऊ नका, ती मा