बर्फातलं बाळंतपण

प्रिय कुसुमकाकू,

तुमचा फोन आज सकाळी परत वाजला. निखिलने तो माझ्याकडेच ठेवलाय. "आईला कोणी हाक मारतंय असं वाटतं, मला नाही ऐकवत," म्हणाला. फोनवर इथलीच, मेलबर्नच्या पॉइंट कुकमधली एक मुलगी होती, मृणाल. आता कधीही बाळंत होईल. आई साताऱ्यात अडकलेली, विमानं अजून बंदच. "काकू आहेत का?" तिने विचारलं, आणि मी नेहमीसारखं "बाहेर गेल्यात, सांगते" म्हणून ठेवून दिला. तीन महिने होत आले, मी सगळ्यांना हेच सांगतेय. काय करू? कुठे गेल्यात म्हणून सांगू?

या मुलीला मात्र संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. फोन ठेवण्याआधी तिने चाचरत विचारलंही, "तुम्ही त्यांच्याबरोबर यायचात ना? मग तुम्हीच याल का?" म्हणून लिहायला बसले. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही, ही खोड तुम्हीच लावलीत!

मी तुमच्याकडे कामाला लागले तेव्हा माझं रेस्टॉरंट लॉकडाऊनमध्ये बंद पडलं होतं. कुकरीचा डिप्लोमा केलेली मी, इथं कायम राहायची पीआर मिळालेली, आणि काम काय? तुमची गाडी चालवायची, डिंक तळायचा, खारीक कुटायची, बाळाची दुपटी धुवायची. तुम्ही आत बाळंतिणीला मालिश करायचात, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचात, आणि मला दाराच्या आत पाऊल टाकू द्यायचा नाहीत. "तुझे हात गार आहेत," म्हणे! मेलबर्नच्या जुलैत बाहेरच्या नळावर दुपटी पिळल्यावर कोणाचे हात गरम राहतात हो?

लोकांकडे गेलं की ओळख करून द्यायचात, "ही वैशाली, माझ्या हाताखालची." बस्स. तुम्हाला डायनिंग टेबलवर ताट, मी किचनमध्ये उभ्याने. एकदा मी तोंड फुगवून गाडीत बसले, तर तुम्ही खिडकीची काच वाजवून म्हणालात, "रुसायचं तर रूस, पण शिरा गरम आहे तोवर खा." आणि वाटी माझ्या मांडीवर आपटून गेलात. माफी वगैरे तुमच्या डिक्शनरीत नव्हतीच.

पण काकू, त्या दिवशी तुम्ही माझं ऐकायला हवं होतं. हे मी तुम्हाला तोंडावर बोलले होते आणि आताही बोलते.

डोंगरातल्या त्या वीजकेंद्रावर नोकरीला आलेला इंजिनियर आणि त्याची बायको ऋता. तिचं पहिलंच बाळंतपण, घरात तिसरं माणूस नाही. रेडिओवर सकाळपासून सांगत होते, वादळ येतंय, वर जाऊ नका. मी म्हटलं, "काकू, उद्या जाऊ." तुम्ही लाडवांचा डबा डिकीत ठेवत म्हणालात, "आज पाचवी आहे. सटवाई यायची रात्र. पाचवी काय सहाव्या दिवशी करतात?"

मी म्हटलं, "ऑस्ट्रेलियातल्या सटवाईला हवामानखात्याचा मेसेज गेला असेल."

हसलात. पण गाडीत बसलातच. वर निखिलचं ते भलंमोठं जॅकेट साडीवर चढवून, पाय सीटवर घेऊन, "चल, मेट," म्हणालात. ते तुमचं 'मेट'! दोस्ताला मारायची इथली हाक, एवढं एकच इंग्लिश तुम्हाला मनापासून आवडायचं. बाकी सगळ्याला 'यस यस'.

वर चढलो आणि अर्ध्या तासात समोरचा रस्ताच दिसेना. नुसतं पांढरं. वळणावर एक निलगिरी आडवी पडलेली, मी ब्रेक दाबला आणि गाडी मागे घसरत बाजूच्या चरात गेली. सायलेन्सर बर्फात गाडला गेला. गाडी दोनदा चालू झाली, मग बंद ती बंदच. फोनला रेंज नाही. चाकांना साखळ्या तरी घालून बघू म्हणून मी उतरले, आणि पायाखालचं बर्फ खचलं. खाली ओढा होता. कमरेपर्यंत आत! तुम्ही छत्रीचा दांडा पुढे करून मला ओढलंत, आणि ओढताना मला ज्या शिव्या घातल्यात, त्या नाशिकच्या कुठल्या गल्लीत शिकलात ते विचारायचं राहूनच गेलं.

गाडीत येऊन बसले तर दात वाजायला लागले. थांबेचनात. तुम्ही डिकीतून शेगडी काढलीत. आपली शेकाची शेगडी, बार्बेक्यूचा कोळसा, कापूर, सगळं होतंच की बरोबर. पुढच्या सीटच्या पायाशी ती पेटवलीत, काचा बंद केल्यात, निखाऱ्यावर ओवा टाकलात. काय ऊब होती काकू! अजून आठवलं की अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणालात, "बघ, आता कसं बरं वाटतंय." मी म्हटलं, "झोप येतेय." तुम्ही म्हणालात, "मलाही."

प्रत्येक घरात शेक देताना नवऱ्याला खिडकी उघडायला लावणारी बाई तुम्ही! "कोळशाच्या खोलीला वारा हवा," हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. आणि त्या दिवशी दोघींनाही ते सुचू नये? माझं डोकं जड झालं, बोलायला गेले तर जीभ वळेना. एवढंच आठवतं की तुम्ही एकदम ओरडलात, "अगं बाई! दार!" आणि दार लाथेने उघडून ती धगधगती शेगडी नुसत्या हातांनी उचलून बर्फात फेकलीत. नुसत्या हातांनी, काकू! तळव्यांना केवढाले फोड आले होते. त्याच हातांनी तुम्ही मग मला चोळलंत.

आता शेगडी गेली, कोंडलेला कोळशाचा वायू जावा म्हणून काचा उघड्या ठेवाव्या लागल्या आणि वारा आत. मी रडायला लागले. "काकू, आपण मरणार का हो?"

"मर हवं तर. आधी पाय इकडे कर."

माझी ओली जीन्स तुम्ही ओढून काढलीत. मी लाजले तर म्हणालात, "गप पड. आज तू बाळंतीण." तिळाच्या तेलाची बाटली पदराखाली धरून तुम्ही ऊब दिली होतीत. मग पायांना मालिश. अंगठ्यापासून पोटरीपर्यंत, पोटरीपासून मांडीपर्यंत. ऋतासाठी आणलेल्या जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या पोटाला बांधलीत, कानाला रुमाल, अंगावर बाळाच्या गोधड्या. तोंडात डिंकाचा लाडू कोंबलात. वर्षभर जी माझ्या हाती ताटही देत नव्हती, ती बाई माझ्या पायाशी बसून माझी बोटं चोळत होती. मला शरम वाटत होती, आणि फार बरंही वाटत होतं. दोन्ही खरं.

मध्येच तुम्ही बोलायला लागलात. "मला आई नव्हती गं. निखिलच्या वेळी सासूने चौथ्याच दिवशी धुण्याला बसवलं. थंडीचे दिवस होते. पाचवी नाही, शेक नाही, काही नाही. तेव्हाच म्हटलं, आपल्याला जमेल तिथे कोणाला असं पडू द्यायचं नाही." इतक्या दिवसांत हे एकदाही बोलला नाहीत! मला वाटायचं तुम्हाला नुसता मान मिरवायचाय. हे आधी सांगितलं असतंत तर मी इतकी तणतणले नसते हो.

मग मला डोळा लागला. आणि इथे माझा तुमच्यावर खरा राग आहे.

जाग आली ती माणसांच्या आवाजाने. आपण पोचलो नाही म्हणून ऋताच्या नवऱ्याने फोन केला होता, आणि केशरी कपड्यांतली गावची स्वयंसेवक मंडळी झाड कापून वर आली होती. अजून उजेड होता. मी उठून बसले तर माझ्या पायांवर निखिलचं जॅकेट. तुमची शाल माझ्या खांद्यावर. तुमचे पायमोजे माझ्या पायात! आणि तुम्ही नुसत्या साडी-स्वेटरवर माझ्या अंगावर आडव्या, उघड्या काचेकडे पाठ करून. वारा सगळा तुमच्या पाठीवर. मी हलवलं तर तुम्ही "हं" एवढंच म्हणालात.

मला विचारलंत का? जागी असते तर ते माझ्या अंगावर घालू दिलं असतं का मी? मालकीणबाई होतात ना, मग हुकूम करायचात, "वैशे, जॅकेट मला दे." मी चडफडत दिलं असतं, आणि आज आपण दोघी भांडत असतो.

हॉस्पिटलमध्ये कोरोनाच्या टेस्टचा रिझल्ट येईपर्यंत दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. रिझल्ट आला तरी तुमच्या खोलीत फक्त घरच्यांनाच सोडत होते, आणि निखिल अजून वाटेत, पोलिसांना लॉकडाऊनचं परमिट दाखवत. नर्सने मला विचारलं, "आर यू फॅमिली?" मी म्हटलं, "डॉटर." बेधडक. गाऊन, मास्क, ग्लव्ह्ज घालून आत आले. नर्स तुम्हाला म्हणाली, "युअर डॉटर्स हिअर." तुम्ही डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "यस यस."

तुम्ही इंग्लिशमध्ये सगळ्यालाच यस यस म्हणायचात, हे मला माहीत आहे. तरी मी ते जपून ठेवलंय.

तुमचे पाय गार होते. मी टेबलावरचं लोशन घेतलं आणि चोळायला लागले. वर्षभर दाराबाहेरून बघून बघून शिकलेलं, पहिल्यांदाच कोणाच्या अंगाला हात लावत होते, तोही ग्लव्ह्जमधून. तुम्ही डोळे मिटलेले. वाटलं झोपलात. तेवढ्यात तुमच्या मास्कच्या आतून आवाज, "खालून वर. वरून खाली काय करतेस?" मी दिशा बदलली. जरा वेळाने पुन्हा, "जोर लाव की. जेवली नाहीस का?"

मी जोर लावला. रडू येत होतं आणि हसूही. निखिल येऊन दाराशी उभा राहिला, त्याचा हात तुम्ही धरलात, मग त्यालाही ओळखेनाशा झालात. मी थांबले नाही. मशीनचा आवाज बदलला तरी नाही. शेवटी नर्सनेच माझे हात धरून बाजूला केले. हृदय थकलं होतं म्हणाले. थकणारच.

तेव्हापासून मी कोणालाही हात लावलेला नाही, काकू. ऋता म्हणाली, पाचवी नाही झाली तरी बाळ छान आहे, ये ना बघायला. गेले नाही. वाटायचं, माझ्या हातांनी पहिली मालिश ज्या माणसाला केली ते माणूस गेलं. असल्या हातांनी कोणाच्या लेकीला कशी शिवू? हे मी कोणाला बोलले नाही. तुम्हालाच सांगतेय.

पण आज लिहितालिहिता एक लक्षात आलं. तुम्ही मला शेवटी 'राहू दे' म्हणाला नाहीत. 'सोड' म्हणाला नाहीत. जोर लाव म्हणालात. एवढं आयुष्य त्यातच गेलं तुमचं, नको असलेली मालिश तुम्ही एक मिनिट सहन केली असती का? हात झटकून टाकला असतात!

तर ऐका, कबूल करते. हे पत्र संपलं की मृणालला फोन लावणार. आधी तिला खरं सांगणार, की कुसुमकाकू गेल्या. हे वाक्य मी अजून एकदाही मोठ्याने म्हटलेलं नाही, कदाचित मध्येच अडकेन. मग सांगणार, पण मी येते. आणि तुम्हालाही एक वचन. तुमच्यासारखं कोणासाठी मरणार मात्र नाही. रागवा हवं तर. वादळ असलं तर सटवाईला थांबवून ठेवीन. तुम्ही तुमची सगळी ऊब मला देऊन गेलात, ती मी अशी कुठल्या चरात वाया घालवणार नाही. पुष्कळ वर्षं जगेन आणि पुष्कळ बायकांचे पाय चोळीन.

फोन लावते आता.

तुमची हाताखालची,
वैशी