गुडघ्यावरचा ताल

मावशी गं,

हे पत्र तुला टाकता येणार नाही. चाचणीतल्या मुलांबद्दल बाहेर बोलणार नाही, असं मी सही करून दिलंय. तरी लिहिते.

आमच्या वाचाउपचार केंद्रात अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी नवी पद्धत तपासतायत. कोणाला नवी, कोणाला जुनी, ते बंद पाकीट ठरवतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पाच वर्षांच्या राणीसाहेबांच्या पाकिटात जुनी निघाली. जुनी वाईट नाही गं, पण नवी जास्त चांगली ठरली तर?

त्यात मंगळवारी ती 'पोपट' म्हणताना अडली आणि माझा हात आपोआप तिच्या गुडघ्यावर गेला. टप, टप, टप. लहानपणी मी अडले की तू धरायचीस, तोच ताल. तो दोन्ही पद्धतींत बसत नाही. मी लगेच जाऊन चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"तुमचा हात कोणत्या गटात आहे?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "नोंद करा, आणि पुन्हा नको. गुण कशानं आला तेच कळलं नाही, तर पुढच्या मुलांना काय सांगणार?"

पटलं मला. आज मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. राणीसाहेब पुन्हा अडल्या. मी नुसती थांबले. माझा चेहरा रडवेला झाला असावा, कारण ती पुढे वाकली, माझ्याच गुडघ्यावर टपटप करत "पो-पट" म्हणाली आणि मला म्हणाली, "आता तू म्हण."

तेही मी खरं खरं फॉर्मात लिहिलंय. 'कारण' या रकान्यापाशी पेन तेवढं अडलंय.

तुझीच,
अडखळबाई