तळघरातले फोन

३ फेब्रु., सोम.
आईला डायलिसिसला सोडलं. कोपरीचं सेंटर तळघरात, रेंज शून्य. चार तास ती खाली, मी वर रस्त्यावर. मधेच तिचं बीपी उतरलं. शुभदा सिस्टर मला शोधत वर आल्या तेव्हा मी नेमकी चहाला गेलेले. आई नंतर म्हणाली, "फोन लावत होते गं तुला. लागतच नव्हता."

४ फेब्रु., मंगळ.
वागळे इस्टेटला ऑफिसात दिवसभर तेच डोक्यात. कारखान्यांतले सेन्सर निरोप एकमेकांकडे सरकवत बाहेर पोचवतात, हेच तर आमचं काम. मग फोनांनी का नाही? तळघरात जिन्यापाशी थोडी रेंज येते. तिथल्या फोनने शेजारच्याचा मेसेज घ्यायचा, शेजारच्याने त्याच्या पलीकडच्याचा. ॲप लिहायला घेतलं.

७ फेब्रु., शुक्र.
सिस्टरांच्या परवानगीने ट्रायल. सहा पेशंट तयार. जिन्याजवळच्या बेडवरचे सावंतकाका नाही म्हणाले. "माझी बॅटरी दुसऱ्यांसाठी का जाळू? आणि माझे मेसेज सगळे वाचणार." मेसेज कुलूपबंद जातो, मधला फोन नुसता हमाल, असं सांगून पाहिलं. "बघू." म्हणजे नाहीच. त्यांच्या फोनशिवाय साखळी तुटते. आईचा मेसेज आतच अडकला. फार चिडले.

१० फेब्रु., सोम.
शनि-रवि बसून बदललं. आता पाळी. ज्याची बॅटरी जास्त त्याच्यावर भार, अर्ध्यावर आली की तो फोन आपोआप बाजूला. काकांनी फोन उशीखाली सरकवला. आईच बोलली, "सावंत, गावाला पाटाचं पाणी पाळीनंच घेतो ना आपण?" काका हसले. फोन माझ्या हातात दिला.
११.४०. मी वर रस्त्यावर. आईचा मेसेज : "पोचला का? भूक लागली. वडा आण."
डायलिसिसमुळे बटाटा मना आहे तिला. तिथेच उभी राहून हसले, मग रडले.

१४ फेब्रु., शुक्र.
काकांच्या बेडचं मशीन बंद, म्हणून आज ते अगदी आतल्या कोपऱ्यात. मुलगी कल्याणला बाळंतपणासाठी ॲडमिट, त्यामुळे बेचैन. बाराच्या सुमाराला जावयाचा मेसेज जिन्यापाशी मी धरून बसलेल्या माझ्या फोनवरून सिस्टरांच्या, तिथून आईच्या, तिथून काकांच्या फोनवर. मुलगी झाली. प्रत्येकाच्या एका हाताला सुया, टाळ्या कशा वाजवणार? सगळ्यांनी मोकळ्या हाताने बेडचे दांडे वाजवले. आईचा सगळ्यात जोरात. सिस्टर म्हणाल्या, "अहो, मशीनचे अलार्म ऐकू द्या मला."
जमलं. खरंच जमलं.

१७ फेब्रु., सोम.
सेंटरच्या डॉक्टरांचा फोन. कल्याणच्या सेंटरला लावाल का? तिथे दोन मजले खाली, बेड तिप्पट. एवढे फोन एकदम बोलायला लागले तर कुणाचंच धड पोचणार नाही. पाळी नव्याने बसवावी लागेल, आणि तिथली माणसं हो म्हणतील का? काका म्हणाले, "माणसांचं माझ्यावर सोड. मी येतो." उद्या सकाळी निघतोय. चार्जर, जुने तीन फोन भरले. कोड अजून अर्धाच.