दाताला लागेल इतकाच

ता. ४ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

मी ठीक आहे. बाबा आठ दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे आले, त्याला दोन महिने झाले. येत्या एक तारखेला मी त्यांना न्यायला येतो. मागच्या पत्रात तू लिहिलंस की पाकीट फाडून, गरम पाणी ओतून त्यांना सूप देतेस. वाचून माझीच भूक मेली.

मिनेस्ट्रोने, म्हणजे ते इटालियन भाज्यांचं सूप, पुन्हा सांगतो. कांदा, गाजर, सेलरी तेलात मंद परतायची, लाल होऊ द्यायची नाही. मग भिजवून उकडलेला पांढरा राजमा. चीजची टणक साल फेकू नकोस, सुपात टाक. चव तिच्यातच असते. पास्ता सगळ्यात शेवटी, आणि दाताला लागेल इतकाच शिजवायचा. मऊ पडला की तो पास्ता नव्हे, खळ. हे मला कोणी शिकवलेलं नाही. पीठ लाटायचा रोलरसुद्धा मी माझ्या लेथवर कातलाय. तुला आयतं मिळतंय तर निदान नीट वाच.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहे म्हणून बोलतो, तो धरून ठेव.

दादा


ता. ११ मार्च

ती. दादास धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टोमणे मोजले नाहीत, बोटं पुरली नसती.

सांगणार नव्हते, पण तू तारीखच ठरवलीस. बाबा आले त्याच आठवड्यात त्यांचा कोट धुवायला काढला. दोन्ही खिशांत पास्त्याचे तुकडे, वाळून खडखडीत. त्यांची कवळी हिरड्यांना टोचते रे, कडक काही चाववत नाही. पहिला घास घेईपर्यंत तू टेबलाशी उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघतोस. तू वळलास की ते रुमालात काढून घ्यायचे. बाहेर मात्र ज्याला त्याला सांगतात, माझ्या मुलासारखा हात कुणाचा नाही. एक तारखेचं नाव निघालं की पुढ्यातलं सरकवून उठतात. ते तुझ्याकडे येणार नाहीत, दादा.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

धाकटी


ता. १५ मार्च

चि. धाकटीस आ.

तुकडे नळ्यांचे होते की फितींचे? फिती असतील तर सुरुवातीच्या. तेव्हा पीठ मला साधलं नव्हतं, हे मान्य. नळ्या असतील तर त्यात खोट नाही. कवळीचं खापर माझ्या पातेल्यावर फोडू नकोस. कुठे टोचते ते दाखवलं असतं तर बारीक पॉलिश पेपरने मीच घासून दिली असती.

बाप खिशात लपवतो आणि लेकीला सांगतो. शेजारी विचारतात वडील कधी येणार, मी एक तारीख सांगून बसलोय. रविवारी डबा घेऊन येतो, माझ्यासमोर खाऊ देत. यायचं नसेल तर बाबांनी स्वतःच्या हाताने तसं लिहावं. तुझ्यामार्फत मला काही नको.

लोभाचं नंतर बघू.

दादा


ता. १८ मार्च

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

माझ्याच हाताने लिहितोय, म्हणून अक्षर हललंय. धाकटीला बाहेर पाठवलंय.

नळ्याही होत्या आणि फितीही. तुझ्या करण्यात खोट नव्हतीच. सुपाचा रस्सा तर वाडगा पुसून प्यावा असा; पण रश्श्यावर माणूस किती दिवस काढणार? तुझी आई गेल्यावर तू हे सगळं माझ्यासाठी शिकलास, ते ठाऊक होतं, म्हणून तोंड उघडलं नाही. तुझ्याकडे मला भूक लागली की भीती वाटायची. बापाने मुलाला असं लिहावं लागणं वाईट. लिहायला तूच लावलंस.

इथल्या पाकिटाच्या सुपाला चव नाही. पण मी कवळी काढून, भुरके मारत पितो आणि बघायला कोणी उभं नसतं. एक तारखेला मी येणार नाही. त्यानंतरही नाही. शेजाऱ्यांना सांग, म्हातारा हट्टी आहे, पटेल त्यांना.

राग धरायचा तुझा हक्क आहे, तो धर. रविवारी जरूर ये. डबा आणू नकोस.

बाबा