डाव्या फ्लिपरची साक्ष

डॉक्टरांनी मला विचारलं, आज वार कोणता, आणि उत्तर माझ्या थोरल्या मुलाने दिलं. म्हणाला, "तिला हल्ली वार लक्षात राहत नाहीत." डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं. थोरला म्हणाला, "नाही सांगता येणार तिला." मी आपली दात दाखवायला आल्यासारखी तोंड उघडून बसलेली. वार मंगळवार होता. सकाळी काही खाल्लं नव्हतं, कारण थोरला डॉक्टरांना घेऊन नेमका नाश्त्याच्या वेळी उगवला. ही तक्रार आधी कागदावर उतरवते आणि मगच पुढचं लिहिते, नाहीतर रागाने ओळी वाकड्या जातील आणि म्हणतील, बघा, हिला अक्षरसुद्धा धड काढता येत नाही.

तर, मी खाली सही करणारी, या रस्त्यावर टोकनवाली म्हणून ओळखली जाणारी, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते. याआधी मी असं काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही. "सदरहू" कुठे घालायचं ते वकीलबाईंनी सांगितलं. बाकी सगळं माझं.

"पूर्ण शुद्धीवर" एवढं लिहून पुढे चला, असं वकीलबाई म्हणाल्या. मी चालणार नाही, कारण सगळं इथेच अडलंय. मी शुद्धीवर नाही असं ठरलं तर हा कागद फुकट, घर थोरल्याच्या ताब्यात, मशीन भंगारात, आणि मी जिवंतपणीच त्याच्या मागच्या खोलीत. म्हणून पुरावा देते.

समोरच्या खोलीत पिनबॉलचं एक मशीन आहे, आमच्या यांच्या गेम पार्लरमधलं शेवटचं. पार्लर चालत होतं तेव्हा मी खिडकीत बसून टोकनं विकली, फरशी पुसली, काचा पुसल्या. मशीनच्या आत हात घालायची मात्र मला बंदी. "ते तुझं काम नाही," हे म्हणायचे, आणि मशीनं दुरुस्त करणारा मिस्त्री शेजारी उभा राहून मान डोलवायचा. हे गेले, पार्लर गेलं, एवढं एक मशीन मी भांडून घरी आणवलं. पुढे त्याचा डावा फ्लिपर बिघडला. फ्लिपर म्हणजे काचेखाली पळणाऱ्या लोखंडी गोळीला वर फटकवणारी खालची दोन बोटं. डाव्याचं बटण दाबलं की तो अर्धवट उठायचा आणि तिथेच विचार करत बसायचा.

मिस्त्रीला फोन लावला. त्याची नजर गेलेली, येणं शक्य नव्हतं.

"काकू, चादर टाकून ठेवा त्याच्यावर. आता कोण खेळतंय?"

"मी खेळते. सांगतोस की ठेवू फोन?"

"आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका."

"काढला."

"काच काढा. गोळी बाहेर घ्या. गोळी आत ठेवून ती पळते तो पाट उचललात तर ती घरंगळत जाऊन काहीतरी फोडेल. आणि खरं सांगा, आत तेल घातलंत का?"

"थेंबभर."

त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून आला. मग म्हणाला, "काकू, तिथे तारेचं गुंडाळं आहे ना, त्याला कॉइल म्हणतात. तिच्या पोटात एक नळी असते आणि नळीत लोखंडी दांडा पळतो. कोरडा पळतो तो. तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, मग कुठून उठणार फ्लिपर?"

अशी मी शिकायला लागले. चिखल झालेली नळी काढून नवी घातली. दांड्याचं टोक आपटून आपटून चेपलं होतं, ते घासून सारखं केलं. फ्लिपर परत बसवताना खाली पातळ पुठ्ठ्याएवढी फट ठेवली, कारण आवळून बसवला तर घासतो आणि वर गेलेला खाली येत नाही. पहिल्यांदा मी स्प्रिंग विसरले. दुसऱ्यांदा फ्लिपर इतका वाकडा बसला की गोळी सरळ खड्ड्यात. कोणाला विचारायची लाज वाटली नाही, आणि चुकायचीही वाटली नाही.

तिसऱ्या वेळी कॉइल जळली. तिच्याजवळ दोन पात्यांचा स्विच असतो. फ्लिपर पूर्ण वर गेला की ती पाती सुटायला हवीत, म्हणजे जोराचा करंट थांबतो. मी ती अशी वाकवली की सुटेचनात. वर बटण दाबून धरलं, बघू किती वेळ उभा राहतो. खोलीत धूर. खरं म्हणजे फ्यूज आधीच उडायला हवा होता, पण फ्यूजच्या जागी यांनी कधीकाळी जाड तार घालून ठेवली होती, दर आठवड्याला कोण फ्यूज आणणार म्हणून. तेवढ्यात थोरला दारात. मी पाटाखाली, तोंडाला काजळी, हातात पेचकस. तो ओरडला, "आईचं डोकं फिरलंय. घर पेटवेल एक दिवस." दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर आणले.

पोराने कॉइल जाळली तर शिकतोय म्हणतात. मी जाळली तर डोकं गेलं म्हणतात. यात डोकं कोणाचं गेलंय ते वाचणाऱ्याने ठरवावं.

त्या मंगळवारी थोरला माझी उत्तरं देत सुटला असताना स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको, माझी सूनबाई, म्हणाली, "अहो, प्रश्न त्यांना विचारलाय." एवढंच म्हणाली, पण डॉक्टरांनी थोरल्याला बाहेर बसवलं. मग मला विचारलं, दिवसभर काय करता? मी त्यांना मशीनपाशी नेलं. नवी कॉइल बसली होती. ते खेळले, हरले, पुन्हा खेळले.

"आजी, डावा जरा उशिरा उठतो."

"डावा वेळेवर उठतो. तुम्ही उशिरा दाबता."

त्यांना पटेना. मग प्लग काढून मी डावा फ्लिपर त्यांच्यासमोर सगळा खोलला, साफ केला आणि परत बसवला. उजेडाला बॅटरी त्यांनी धरली. पाती कधी सुटली पाहिजेत आणि का, ते त्यांनी मला दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. तसं त्यांनी लिहून दिलं आहे. कागद याला जोडला आहे. पुरावा संपला.

आता वाटणी.

घर. वरचा मजला थोरल्याला आणि धाकट्या लेकीला निम्मा निम्मा. गॅलरी कोणाची यावर भांडू नये. गॅलरी दोघांची, कबुतरं थोरल्याची.

समोरची खोली आणि त्यातलं सदरहू मशीन सूनबाईला. तिच्या एकटीच्या नावे, नवऱ्याच्या नावाची जोड न लावता. ज्यांना धक्का बसला त्यांनी बसून घ्यावं. आमचं दोघींचं लग्नापासून कधी पटलं नाही. ती कपडे उलटे वाळत घालते आणि मी बोलले की ऐकू न आल्यासारखं करते. पण धूर झाला त्या दिवशी थोरला ओरडत होता तेव्हा हिने खिडकी उघडली. तो कामावर गेल्यावर बॅटरी घेऊन आली, पाटाखाली वाकली आणि म्हणाली, "आई, हे पातं शेवटाला सुटायला नको का?" तेच चुकलं होतं. नवी कॉइल आम्ही दोघींनी बसवली, आणि आता कॉइलच्या जोड तारा ती माझ्यापेक्षा नीट कथलाचा डाग देऊन जोडते. पहिली गोळी वर गेली तेव्हा ती हसली. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. फार गोड नाही.

खोली विकायची, भाड्याने द्यायची की मशीन शेजाऱ्यापाजाऱ्यांना खेळायला उघडं ठेवायचं, ते तिचं ती ठरवेल. थोरल्याने सल्ला द्यायचा नाही. तिने मागितला तरी द्यायचा नाही.

हत्यारं, म्हणजे षटकोनी चाव्या, बारीक कानस, डागणी, उरलेल्या नळ्या, पाटाला टेकू द्यायची काठी आणि स्क्रू ठेवायचा यांचा चष्म्याचा डबा, हे सगळं सूनबाईला. सूनबाई, कानस पात्यांवर हळू फिरव, तू घाई करतेस. फ्लिपरवरचं रबर चिरलं की लगेच बदल, कंजूषपणा करू नकोस. तो गुण माझा होता, तुझ्या अंगाला शोभत नाही.

तेलाची बाटली थोरल्याला. वरच्या मजल्याची सगळी दारं कुरकुरतात, तिथे घालावं. बाटली घेऊन समोरच्या खोलीत पाऊल टाकू नये.

बँकेत जे असेल ते धाकटीला. ती लांब असते आणि फोनवर "आई, तू आराम कर" एवढंच म्हणते. थोरल्याने तिला विचारलं तेव्हा "दादा म्हणतो ते बरोबर असेल" असंही म्हणाली. ते मला कळलं आहे. तरी पैसे तिलाच, तिला गरज आहे. पण ते घेताना तिने रडू नये, आणि घेऊन झाल्यावर आराम करावा.

उरलेली सगळी टोकनं मिस्त्रीला. कधीही येऊन खेळावं. दिसत नसलं तरी गोळी कुठे आहे ते त्याला आवाजावरून कळतं. मान डोलवल्याचं मी विसरलेले नाही, हेही त्याला वाचून दाखवावं.

फ्यूजच्या जागची ती जाड तार काढून यांच्या फोटोमागे खिळ्याला अडकवली आहे. ती तिथून हलवू नये. नातवंडांनी हवं तेवढं खेळावं, काचेवर पाण्याचे पेले ठेवू नयेत.

सही: टोकनवाली, स्वतःच्या हाताने
ठिकाण: समोरची खोली, मशीनची काच टेबल म्हणून वापरून
दिवस: महिन्याचा दुसरा मंगळवार, कोणी न सांगता

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांना थोरल्याने स्वतः आणलं होतं
साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाई, ज्यांना हा खेळ आवडत नाही, म्हणजे यात त्यांचा स्वार्थ नाही

ता.क. हे दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिते, आणि त्यांनी याच्याखाली पुन्हा सही करावी. माझ्यामागे नातेवाईक, शेजारी किंवा कोर्टातला साहेब कोणीही विचारलं की म्हातारी हे लिहिताना शुद्धीवर होती का, तर डॉक्टरांनी बोलायचं नाही, वकीलबाईंनी बोलायचं नाही, सूनबाईने तर तोंडही उघडायचं नाही. माझ्या वतीने उत्तरं द्यायची सवय थोरल्याला आहे. त्याने हे उत्तर दिलं नाही तर वरच्या मजल्यातला त्याचा निम्मा भाग धाकटीचा. उत्तर एकट्या थोरल्याने द्यायचं, उभं राहून, आणि "होती" एवढंच म्हणून खाली बसायचं.