गीताबाईच्या अंगणवाडीत माऊलीला जागा

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी साहेब,
परभणी.

विषय : नातू माऊली यास वय कमी असताना अंगणवाडीत बसू देणेबाबत.
संदर्भ : सेविकाबाईंनी तोंडी दिलेला नकार.

महोदय,

विनंती अर्ज करते की, मी पिंगळीची रहिवासी असून शाळा चौथीपर्यंत झाली आहे. सबब लिहिण्यात कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. बोलण्यात माझं कमीजास्त होत नाही.

माझी सून राजेश्री परभणीला दवाखान्यात नर्स आहे. माझे गुडघे गेलेले, म्हणून तिचं लेकरू तान्हं असल्यापासून गावातल्या गीताबाईनं पगारावर सांभाळलं. चांगलं सांभाळलं, ते मी नाकारत नाही. परंतु जावळाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसायचं सोडून लेकरू रडत गीताबाईच्या गळ्यात पडलं, आणि न्हाव्यानं तिच्याच मांडीवर जावळ काढलं. सगळे पाहुणे बघायले होते. राजेश्री आत जाऊन रडली. मग मी गीताबाईला म्हणाले, "लेकराची आई तू न्हाईस, ध्यानात ठेव." एवढंच. तिनं येणं सोडलं, आणि पुढं आपल्या खात्यात मदतनीस म्हणून लागली.

साहेब, आता लेकरू घास गिळंना. राजेश्री ड्यूटीवर गेली की ते अंगणवाडीच्या दारात जाऊन जाळीला धरून उभं राहतं. मागं मी काठी टेकत. आत गीताबाई खिचडी वाढायली असते. त्याला बघून तिचाही हात थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सेविकाबाई म्हणतात, "आज्जी, तीन वर्षं पुरी होऊ द्या, मग बसवते." तोवर लेकरानं काय हवा खायची? गावातल्या दोन शेळ्या रोज आत जाऊन बसतात, त्यांचं वय कोणी विचारलेलं नाही.

राजेश्री मला म्हणाली, "आई, तो मला विसरला तरी चालंल, पण त्याला जेवू द्या. न्हाईतर मी राजीनामा देते." शिकलेल्या पोरीनं घरी बसावं हे मला मान्य नाही. मी शेणामातीत गेले, ती जाणार नाही.

गीताबाईच्या दारात जा, असं सगळे मला सांगतात. ते माझ्यानं होणार नाही. तरी आपणच लेखी हुकूम काढून माऊलीला तिच्याजवळ बसवावे. खिचडी मी घरून पाठवीन, सरकारचा दाणा नको.

अर्ज कोणाचा, हे गीताबाईला कळवू नये. तिनं विचारलंच, तर लेकराचा आहे म्हणावं.

हुकुमाची वाट पाहणारी,
पार्वतीबाई दिनकरराव गरुड
(सही माझ्या हातची आहे)
पिंगळी, दि. ११ जुलै २०२५

सोबत : माऊलीचा फोटो. कडेला दिसणारा हात गीताबाईचा आहे. फोटोच्या वेळी सोडवून पाहिला, लेकरानं सोडला नाही.