डिकीचा खटका

रविवार, १२ नोव्हेंबर २००६, जालना

बापू, आज गाडीची डिकी दुरुस्त केली. आठ दिवसांपासून ती लावलेली असतानाही समोर उघडी असल्याचा लाल दिवा लागत होता. हे म्हणाले, "शोरूमला दे, उगीच हात घालू नकोस." दुपारी ते आणि मुलं झोपल्यावर मी खाली गेले. डिकी उघडी ठेवूनच पेचकसानं कुलपाचा खटका दाबला आणि पुढे जाऊन पाहिलं. दिवा विझला होता. म्हणजे कुलूप नीट होतं, वायरही नीट होती. खटका ज्या कडीत अडकतो ती कडी सरकल्यामुळे डिकी पूर्ण बसत नव्हती. दोन बोल्ट सैल करून कडी किंचित खाली घेतली, बोल्ट आवळले, खटका सोडला आणि मग डिकी लावली. दिवा गेला.

हे तुम्ही मला भोकरदनच्या गॅरेजात दाखवलं, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना. सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांबायचे. "घरी जा, हात काळे होतील," असं तुम्ही म्हणायचात, पण पाना हवा असला की हात माझ्याकडेच पुढे करायचात. त्या दिवशी एका भुसार व्यापाऱ्याची अँबेसिडर आलेली आहे. शेठ बाहेर बाकावर बसलेत, त्यांना टेंभुर्णीला साखरपुड्याला जायचंय. "आपटायची न्हाई," तुम्ही सांगताय. "पहिले उघड्यावर खटका दाबून बघायचा. बराबर बसला तर कुलपात दोष न्हाई." काम संपवून तुम्ही मागं हात धुवायला गेलात. मला एकदा स्वतः करून बघायचं होतं. खटका दाबला, सोडायचा विसरले आणि डिकी खाली टाकली. बंद खटका कडीवर आपटून वाकला.

आवाज ऐकून तुम्ही धावत आलात, पाठोपाठ शेठ. "काय मिस्त्री, दुरुस्त करून राह्यले का मोडून राह्यले?" ओले हात शर्टाला पुसत तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. "माझ्याच हातून झालं शेठ. खटका सोडायचा राह्यला." शेठ चार माणसांत हसले, "चष्मा लावा आता, न्हाईतर गॅरेज पोरीला देऊन टाका." डिकी सुतळीनं बांधून गाडी साखरपुड्याला गेली. घरी जेवताना तुम्ही एवढंच म्हणालात, "बाई, खटका पहिले सोडायचा. मंग डिकी." मी मान खाली घालून भाकरी खात राहिले.

त्यानंतर मी गॅरेजात आले नाही. अभ्यास आहे म्हणायचे. माझ्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, तेव्हा तुम्ही त्यांना गॅरेजवरून न नेता लांबच्या रस्त्यानं घरी आणलंत आणि बसण्याआधी दोनदा साबणानं हात धुतलेत. तेव्हा कळलं, तुम्ही काय समजून बसला होतात ते. शिकलेल्या मुलीला बापाच्या कामाची लाज वाटते, असं. बापू, तुमच्या कामाची लाज मला कधीच वाटली नाही. मी तुमचं नाव खराब केलं आणि गप्प उभी राहिले, म्हणून तिथं पाय टाकवत नव्हता. त्याच दिवशी सांगता आलं असतं. पाहुणे गेल्यावर तुम्ही मागच्या दाराशी एकटेच उभे होतात. मी चहा हातात दिला आणि आत आले.

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. हा कागद कुठं पाठवणार? हे उठले की विचारतील, दिवा कसा गेला म्हणून. डिकी मी दुरुस्त केली असं सांगायचं ठरवलंय, पण तोंडून निघेल याची खात्री नाही. पाना पुसून ठेवते.